झोपेत सोडून जायची रीत

सात डिसेंबर, रविवार. गोधड्या धुवायला काढल्या होत्या. त्या आठवड्यातली तिसरी खेप. ज्यांच्याकडे ब्लँकेटं आहेत त्यांना गोधडी धुणं सांगून कळायचं नाही. कोरडी गोधडी एक बाई उचलते, ओली उचलायला दोघी लागतात, आणि दुसरी कधीच रिकामी नसते. मी गिरणीमागच्या बोअरवर बसून एकटीच बडवत होते, आणि दर दणक्याला एकेका सल्लागाराची आठवण काढत होते. सल्लागार संपले नाहीत, गोधड्या संपल्या.

आम्ही शिरूर कासारला राहतो. माझी पिठाची गिरणी आहे. नवरा शाळेत लिपिक होता, नुकताच निवृत्त झाला आणि तेव्हापासून सर्वज्ञ आहे. दोन्ही मुलं पुण्याला कामाला. दिवाळी झाली आणि माझा धाकटा भाऊ बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. आमच्या तालुक्यात हे सांगायची बातमी नाही. सोबत दोन वर्षांचा मुलगा, बाबू, नेला आणि सहा वर्षांची मुलगी माझ्याकडे ठेवली, कारण ती पहिलीत आहे आणि यंदा तिची शाळा बुडू द्यायची नाही असा हट्ट मीच धरला होता.

दुसऱ्या आठवड्यात तिची स्वप्नं सुरू झाली. झोपेतून किंचाळत उठायची, डोळे उघडे, पण समोर कोण आहे तेही ओळखायची नाही. घामाने केस चिकटलेले आणि खाली गोधडी ओली. सकाळी विचारलं, "काय दिसलं गं सपनात?" तर म्हणायची, "काय न्हाई." पुन्हा विचारलं तरी तेच. गूळ देऊन विचारलं, तर गूळ खाऊन, "काय न्हाई."

हे आमच्या आमच्यात राहिलं असतं तर मी निभावून नेलं असतं. पण शेजारच्या मावशींनी माझ्या भावाला फोन करून सगळं पोचवलं. मावशींना मोबाइलवर एवढं एकच करता येतं, वाईट बातमी सांगणं. भाऊ म्हणाला, "येतो न्यायला." त्यांच्या मुकादमाची पिकअप गाडी रविवारी आणखी दोन जोडपी न्यायला शिरूरला येणार होती. त्याच गाडीत बसून दोघं दुपारी येणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला घेऊन परतणार, असं ठरलं. गोधड्या त्यासाठीच धुतल्या होत्या. भावजयीने घरात पाऊल टाकताच वास घेऊ नये, एवढीच माझी अपेक्षा.

पोरगी तिकडे गेली की काय होतं ते मला पाठ आहे. आई-बाप पहाटेपासून फडात. कोपीत, म्हणजे त्या पाचटाच्या खोपटात, मागे धाकटं लेकरू. त्याला कडेवर घ्यायला कुणीतरी लागतं, आणि सहा वर्षांची पोरगी त्या कामाला अगदी मापाची असते. एक वर्ष गेलं की दुसरं जातं, मग शाळेचं नावही कुणी काढत नाही. माझ्या गिरणीत दळणाला येणाऱ्या निम्म्या बाया अशाच कुणाला ना कुणाला कडेवर घेऊन झिजत मोठ्या झाल्यात. डब्यावर स्वतःचंच नाव रंगवलेलं असतं आणि त्या मला विचारतात, "बाई, ह्यातला माजा कोणता?" आमच्या पोरीने नोव्हेंबरच्या शेवटी एका डब्यावरचं नाव एकेक अक्षर जुळवून वाचलं होतं. त्या दिवसापासून मी हट्टाला आणखी पेटले होते.

तर आता सल्लागार.

पहिल्या मावशी. त्यांच्या मते नजर. मीठ, मोहरी, मिरच्या, केरसुणीच्या काडीचा तुकडा आणि चार वाटांची माती अशी यादी त्यांनी दिली. आमच्या गल्लीला वाटा दोनच, त्यामुळे मातीवरून थोडा घोळ झाला. दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्यावर अख्ख्या घराला ठसका लागला. "मिरच्यांचा वास आला म्हंजी नजर नव्हती," असं मावशी म्हणाल्या. मग पुन्हा काढली, तेव्हा वास कमी आला, कारण तोपर्यंत सगळ्यांची नाकं बंद झाली होती. "बघा, नजर होतीच," मावशी म्हणाल्या.

त्याने काही झालं नाही म्हणून त्यांनी लोखंड सुचवलं. उशाशी लोखंड असलं की वाईट जवळ येत नाही. घरात विळा होता, पण मावशींना मोठं लोखंड हवं होतं. भावाचा जुना कोयता माझ्याकडे पडून होता, पात्याला टवका गेलेला. मी तो फडक्यात गुंडाळून पोरीच्या उशाखाली ठेवला. तिने उशी उचलून बघितली.

"आत्या, ह्यो दादाचा कोयता हाय ना?"

ती बापाला दादाच म्हणते, आणि आमच्या ह्यांना मामा. मी म्हटलं, "हो, दादाचाच."

"मग दादा तितं काय हातानं तोडतो का ऊस?"

मी सांगितलं, नवा घेतलाय. तिला पटलं नाही. बापाचं हत्यार इथे राहिलं आणि बाप तिथे नुसत्या हाताने झुंजतोय, या काळजीत तिची उरलीसुरली झोपही गेली. मी कोयता काढून पुन्हा माळ्यावर टाकला. मावशींना सांगितलं, लोखंडाला गंज होता.

दुसरे आमचे हे. निवृत्तीनंतर ते मोबाइलवर रोज कुणाकुणाची व्याख्यानं ऐकतात. एकात त्यांनी ऐकलं की मुलांना झोपताना धीराच्या गोष्टी सांगाव्यात. म्हणून त्यांनी मारुतीच्या गोष्टी सुरू केल्या. आता मारुती पराक्रमी आहे हे दाखवायचं तर त्याच्यासमोर कुणीतरी हवं. तेव्हा यांनी भूत आणलं. मग हडळ आणली. शेवटी सिंदफणेच्या पात्रातला एक बिनमुंडक्याचा आणला, तो तर मीसुद्धा कधी ऐकला नव्हता. मारुती सगळ्यांना पळवून लावायचा आणि पोरगी डोळे विस्फारून ऐकायची. तोपर्यंत त्या बिचारीला भूत ही वस्तूच माहीत नव्हती.

"अहो, ज्याला हाकलायचंय त्याला आधी घरात कशाला बोलावता?" मी विचारलं.

"अगं, शेवटी तो पळतो ना."

"पळून जातो कुठं? गल्लीतच ना?"

यावर त्यांच्या व्याख्यानात काही नव्हतं.

तिसरा पाली गावचा जाणकार, म्हणजे देवऋषी. यांच्या चुलतभावाने गाठ घालून दिली. बीडला जाऊन पुढे धरणाच्या अंगाला त्याचं घर. माझा विश्वास नव्हता, हे मी आधीच सांगते; पण मी गेले, हेही सांगते. आठवडाभर धड झोप नसली की विश्वासाचं काही खरं राहत नाही. माणूस टापटीप होता. समोर पोरीला बसवलं, ऊद लावला, डोळे मिटले आणि एकदम घोगरा आवाज काढून विचारलं, "बोल, कोन हायेस तू? कुटून आलीस?"

पोरगी उठून उभी राहिली. शाळेत पाहुण्यांसमोर शिकवतात तसे हात जोडले आणि आपलं संपूर्ण नाव, इयत्ता पहिली, हजेरी क्रमांक अकरा, मुक्काम शिरूर कासार असं एका दमात सांगितलं. मग खाली बसली.

जाणकाराने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मी उदाच्या धुराकडे बघत राहिले. असल्या वेळी हसणं बरं दिसत नाही. त्याने काळा दोरा दिला आणि वर सांगितलं, की शनिवारी कुणी दारात पाणी मागितलं तर देऊ नका. आमच्याकडे नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नाही, बोअरचं पिण्याजोगं नाही; शनिवारी पाणी मागायला कोण येणार आणि आलं तर कुणाकडे असणार? एवढाच त्याचा सल्ला आम्ही तंतोतंत पाळला.

शाळेच्या बाईंनी सांगितलं, तिला प्रेमाने जवळ घ्या. मी म्हटलं, घेते की, तेव्हाच तर माझंही लुगडं ओलं होतं.

आणि गिरणीतल्या बाया. गिरणीत दळण पडेपर्यंत बाईला दुसरं काम नसतं. एकीने सांगितलं, पोटात जंत आहेत. दुसरीने सांगितलं, रात्री वांगं देऊ नका. एक म्हणाली, नारायणगडाला नेऊन दर्शन घडवा, तिच्या नातवाला तिथून आल्यावर फरक पडला. "काय फरक पडला?" मी विचारलं, कारण मला खरंच हवा होता. ती म्हणाली, "आदी लई भ्यायचा. आता आमी भेतो, एवढा वाह्यात झालाय." हा उपाय मी बाजूला ठेवला.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती, आणि ती माझ्या लक्षात यायला शनिवार उजाडावा लागला. म्हणजे भाऊ येण्याच्या आदला दिवस.

शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारी जेवून मी पोरीला घेऊन जरा पाठ टेकली. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "बाई, गिरनी चालू करा, मका आनलाय." मी ताडकन उठले, आणि माझ्यामागून पोरगीही फरपटत उठली. मी पुढे, लुगडं मागे, त्याच्या टोकाला पोरगी. दोघी उंबऱ्यावर आदळलो. गुडघा अजून दुखतो. बघते तर माझ्या पदराची आणि तिच्या फ्रॉकच्या नाडीची गाठ मारलेली. एक नव्हे, तीन. सुटता सुटेनात.

मी रागाने विचारलं, "हे कावून केलं गं?"

"तू गेली तर मला कळंल म्हनून."

"मी कुठं जाणार?"

यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, की एवढी मोठी बाई आणि एवढंही ठाऊक नाही.

मी गाठ सोडवत खाली बसले. मका घेऊन आलेल्या बाईला थांब म्हटलं. मग पुन्हा तोच प्रश्न विचारला, पण या वेळी नीट. "सपनात काय असतं?"

"काय न्हाई."

"काहीच नसतं?"

"कुनीच न्हाई. घर असतं. आई न्हाई, दादा न्हाई, बाबू न्हाई. तू बी न्हाई. मामा बी न्हाई. दार उगडं."

पाच आठवडे ती मला हेच सांगत होती. मी काय दिसतं ते विचारत होते, आणि ती खरं तेच उत्तर देत होती: काही नाही. आम्ही सगळे शहाणे मिळून कुणाला तरी हाकलत होतो. मिरच्यांनी, कोयत्याने, मारुतीने, दोऱ्याने. पोरीच्या स्वप्नात हाकलायला कुणी नव्हतंच. होतं नव्हतं ते आधीच निघून गेलं होतं.

आणि ते कसं गेलं, हे मी सांगते, कारण त्यात माझा हात आहे.

आमच्याकडे तोडीला निघायची एक रीत आहे. गाडी अंधारात येते. भांडी, पोती, बकरी आधीच चढवलेली असतात. मागे ठेवायची लेकरं झोपलेली असतात आणि त्यांना झोपेतच ठेवतात. आवाज करायचा नाही, बांगड्या वर सारायच्या, लेकराकडे वळून बघायचं नाही. निघताना मागे लेकरू रडलं तर तो अपशकुन; हातातला कोयता फिरतो, असं म्हणतात. शिवाय रडणारं लेकरू गाडीमागे पळतं, मग कुणीतरी त्याला धरून ठेवायचं, सगळी गल्ली जागी होते. झोपेतलं बरं. घरोघर हेच चालतं, आणि वर्षानुवर्षं चाललंय.

दिवाळीनंतर त्या पहाटे भावजय पोरीजवळ घुटमळत होती. उठवावं का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, "झोपू दे. उठली की रडारड होईल. निघा तुम्ही, मी बघते." मी तत्पर बाई आहे, असा माझा लौकिक आहे. सकाळी पोरीने विचारलं, आई कुठाय? मी म्हटलं, वावरात गेलीय, संध्याकाळी येईल. संध्याकाळी म्हटलं, उद्या येईल. असं मी आठ दिवस चालवलं. नवव्या दिवशी तिने विचारायचं बंद केलं, तेव्हा मी मावशींना अभिमानाने सांगितलं, "रुळली बघा पोरगी." त्याच आठवड्यात पहिली गोधडी ओली झाली.

रविवारी दुपारी गाडी आली. भाऊ उतरला, भावजय उतरली, बाबू उतरला. दीड महिन्यात तिघंही काळवंडून निम्मे झाले होते. पोरगी धावली नाही. दारात उभी राहून तिने आईला नखशिखांत बघितलं, मग जवळ जाऊन तिच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला आणि तो दिवसभर सोडला नाही. भावजय चहा करायला उठली तरी ती मागे, परसात गेली तरी दाराबाहेर उभी.

चहा झाल्यावर भावाने विषय काढला. "आक्का, तुला तरास कशापायी? भर तिची कापडं. सकाळी आठला गाडी हाय."

"त्रास मला न्हाई, गोधडीला हाय. कापडं भरायची न्हाईत."

"मग काय रोज अशीच वरडू देऊ? मावशी म्हनल्या, पार सुकलीय."

मावशी तिथेच बसल्या होत्या. "मी आपलं हाय ते सांगितलं," त्या म्हणाल्या.

"मावशी, तुमी नेहमीच हाय ते सांगता. कधी न्हाई ते सांगून बघा, जरा बरं वाटंल."

भावजय भिंतीला टेकून बसली होती. बाबू तिच्या मांडीवर झोपलेला. ती म्हणाली, "आक्का, राग नका धरू. माज्याजवळ निजली तर भ्यायची न्हाई ती. एवढंच हाय."

हे खरं होतं, आणि म्हणून मला त्याचा राग आला. मी विचारलं, "अन् दिवसा?"

"दिवसा काय?"

"दिवसा कुठं असंल ती?"

भावजयीने मांडीवरच्या बाबूकडे बघितलं. मी कालची पदराची गाठ सांगितली, स्वप्नात कोण असतं आणि कोण नसतं ते सांगितलं. त्या पहाटे उठवू नको म्हणणारी मीच होते, हेही सांगितलं. आमचे हे आतल्या खोलीत व्याख्यान ऐकत होते, त्यांनी मोबाइलचा आवाज बंद केला.

"आता उद्या जाताना तिला उठवायचं," मी म्हटलं. "उजेडात, तिच्या देखत, सांगून जायचं. रडली तर रडू द्यायचं. मग ती माझ्याकडे राहील."

मावशींनी कानाला हात लावले. "रडत्या लेकराला मागं टाकून निगू ने बाई. कोयता फिरतो."

भावजय हळूच म्हणाली, "गेल्या साली आमच्या टोळीतल्या एका बाईच्या पायावर कोयता बसला, आक्का. तिचं पोरगं गाडीमागं रडत पळालतं."

"टोळीत आणखी कुणाला लागलं का?"

"लागलं की. अजून चौगांना."

"त्यांची पोरं रडली होती?"

तिने जरा आठवून बघितलं. "न्हाई. झोपलीवती."

भाऊ खाली बघून हसला. मावशी म्हणाल्या, "चौगांचं काई तरी दुसरं असंल," आणि आपलं पान लावायला लागल्या.

भावजय हसली नाही. ती पोरीला म्हणाली, "संगं यायचंय का तुला?"

"व्हय," पोरगी म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? हे उत्तर गल्लीतल्या कुत्र्यालाही आधी कळलं असतं. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "आता बोल." मी बोलले. पोरीशी नाही, भावजयीशी.

"तू केवढी होतीस गं, तुझ्या भावाला पहिल्यांदा कडेवर घेतलं तेव्हा?"

"एवढीच. फडावरच."

"तुझा भाऊ काय करतो आता?"

"डायवर हाय. लायसन हाय त्याला."

"अन् तू?"

हे मी विचारायला नको होतं, असं मावशींच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. त्या पान लावायच्या थांबल्या. पण काही गोष्टी विचारायला नकोत म्हणून कुणीच विचारत नाही आणि त्या तशाच चालू राहतात. भावजय उठली. तिने बाबूला भावाच्या मांडीवर टाकलं आणि परसात गेली. पोरगी काठ धरून मागे. बऱ्याच वेळाने दोघी परत आल्या.

"न्यायची न्हाई तिला," ती म्हणाली.

"अगं, तूच म्हनलीवतीस की घेऊन येऊ," भाऊ म्हणाला.

"म्हनलेवते. आता न्हाई म्हनते." मग माझ्याकडे वळून, "पन आक्का, सांगायचं काम तुमी करा. माज्यानं व्हायचं न्हाई."

"मी सांगून उपयोग नाही. मी आठ दिवस खोटं बोलले आहे. आता माझं ती ऐकंल का?"

भावजयीने पोरीला समोर बसवलं. सांगितलं, की सकाळी आम्ही जाणार, तुला नेणार नाही, तू आत्याकडे राहायचं आणि शाळेत जायचं. पोरीने विचारलं, "परत कदी येनार?"

"पाडव्याला," भाऊ घाईने म्हणाला.

"कारखाना पाडव्याला बंद होतो?" मी विचारलं.

"ते कुनाला ठाव? ऊस संपला की बंद."

"मग ते सांग. ठाव न्हाई म्हणून सांग."

त्याला ते फार जड गेलं. बापाला पोरीपुढे 'मला ठाव न्हाई' म्हणणं हे कोयता चालवण्यापेक्षा अवघड दिसतं. शेवटी म्हणाला, "ऊस संपला की येतो. होळीच्या आदी न्हाई. त्याच्यानंतर कदी, ते मला बी ठाव न्हाई." पोरीने मान हलवली. मग आईला म्हणाली, "मला उटवशील का?"

"उटवीन," भावजय म्हणाली.

त्या रात्री ती आईजवळ झोपली आणि गोधडी कोरडी राहिली. मावशींनी याचं श्रेय काळ्या दोऱ्याला दिलं.

सकाळी सात वाजता भाऊ दबक्या पावलांनी गिरणीत आला. "आक्का, झोपलीय. गाढ. तसंच निगावं का? गाडीला कोपऱ्यावरच थांबवतो." त्याचे डोळे लाल होते. मी तशीच उठून घरात गेले. भावजय पोरीच्या उशाशी बसली होती, हात तिच्या खांद्यावर ठेवलेला, पण हलवत नव्हती. मी म्हटलं, "दिलेला शब्द हाय तुझा." तेव्हा तिने हलवलं.

पोरगी उठली, चहात पाव बुडवून खाल्ला, वेणी घालून घेतली. अगदी शहाण्यासारखी रस्त्यापर्यंत आली. गाडी दिसली आणि तिने असा गळा काढला की समोरच्या घरातले लोक दात घासत बाहेर आले. मावशींनी अपशकुन नको म्हणून दार लावून घेतलं आणि खिडकीतून बघत राहिल्या. पोरीने गाडीचं मागचं फळकुट धरलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, बगा ना ओ, उशीर व्हायलाय." भाऊ तोंड फिरवून उभा. भावजय वरून वाकून पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "मी चाललेय बरं का. बघ. मी चाललेय." मी पोरीची बोटं एकेक करून सोडवली. दहा होती, पण सोडवताना वीस वाटली. गाडी वळणाआड जाईपर्यंत भावजय मागे तोंड करून बसलेली दिसत होती. रीत मोडायची तर पुरती मोडली तिने.

पोरीने मला दोन लाथा मारल्या आणि मनगटाला चावली. मी तिला काखोटीला मारून घरी आणलं, तोंड धुतलं, दप्तर घेतलं आणि दहाच्या ठोक्याला शाळेत नेऊन बसवलं. बाई म्हणाल्या, "आजचा दिवस घरी राहू द्यायची होती." मी म्हटलं, "शाळेसाठीच तर एवढं केलंय, आज कशी घरी राहील?" गिरणी बंद ठेवून मी वर्गाच्या दाराशी बसून राहिले. पोरगी हुंदके देत होती, मग नुसती उचकी लागली, मग सतरंजीवर दप्तराला टेकून झोपली.

बाईंनी मला खुणेने सांगितलं, आता जा, झोपलीय. त्यांचं बरोबर होतं. बाहेर दोन बाया दळणाचे डबे घेऊन मला शोधत शाळेपर्यंत आल्या होत्या. मी उठले, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. वर्गात जाऊन पोरीला खांद्याला धरून हलवलं. बाई म्हणाल्या, "अहो, काय करताय? आत्ता कुठं डोळा लागलाय." पोरीने चिडून डोळे उघडले.

मी म्हटलं, "मी चाललेय. गिरणीत. खिचडीच्या सुट्टीला येते."

"जा मग," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

मी गेले.